करंजटाकळीचं फाटक

यज्ञेश्वर टोकेकर मास्तरांनी वीस वर्षं खपून एका रेल्वे कंपनीचा इतिहास लिहिला. त्याचं पहिलं वाक्य असं होतं : ‘या रेल्वेचा इतिहास सांगावयाचा, तर प्रथम हे सांगितले पाहिजे, की ती रेल्वे नव्हती.’

हे वाक्य सुचलं तेव्हा मास्तर अंघोळीला बसले होते आणि ओल्या पंच्यानिशी तसेच टेबलाशी आले होते. त्यांची मुलगी नीलांबरी तेव्हा कॉलेजात होती. टेबलाखाली झालेलं पाण्याचं थारोळं तिनेच पुसलं होतं. पुढची पानं मास्तरांनी कितीदा तरी फाडली आणि पुन्हा लिहिली; त्या एका वाक्याला हात लावला नाही. यंदा संक्रांतीच्या आधी नगरच्या दवाखान्यात ते शेवटचे पडून होते, तेव्हा त्यांनी घराची, पेन्शनची, कशाचीच चौकशी केली नाही. म्हणाले, "नीला, हस्तलिखित समितीला देऊन टाकलंय. पहिलं वाक्य तेवढं सांभाळ." नीलांबरी म्हणाली, "बरं, अण्णा." दवाखान्यातल्या माणसाला आपण सगळ्यालाच बरं म्हणतो. पण हे शेवटचं ठरलं, त्यामुळे ते तिच्या अंगाला चिकटून राहिलं.

मे महिन्यात करंजटाकळीहून शामकांत आला. मास्तर तिथल्या शाळेत शिकवत, तेव्हाचा शामकांत हा त्यांचा जुना विद्यार्थी. आता तिथल्या हायस्कूलचा हेडमास्तर आणि रेल्वे शताब्दी समितीचा कार्यवाह. त्याच्या शबनम पिशवीत छापखान्यातून आलेली ताजी प्रत होती. कव्हरवर धूर सोडणारं दणदणीत इंजिन. नीलांबरीने पहिलं पान उघडलं. तिथे छापलं होतं : ‘या रेल्वेने आमच्या भागाच्या प्रगतीचा भक्कम पाया घातला.’

"हे कुणी लिहिलं?"

"तसं मास्तरांचंच आहे, नीलाताई," शामकांत म्हणाला. "फक्त जरा विधायक केलंय."

मूळ हकीगत अशी होती. १८७३ साली ट्विडेल नावाचा एक साहेब घोड्यावरून करंजटाकळीत आला. मोठी रेल्वे पुणतांब्यावरून जाणार, अशी कुणकुण त्याच्या कानावर आली होती. ती यायच्या आतच तिला जोडणारा फाटा आपण घालून ठेवावा, म्हणजे ती आली की सगळा माल आयता आपल्या हातात, असा त्याचा बेत. त्याने ‘गोदाकाठ लाइट रेल्वे कंपनी’ काढली. गावाने शेअर घेतले. शेअरच्या कागदावर राणीचं चित्र होतं. बायकांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि दसऱ्याला राणीला हळदकुंकू वाहू लागल्या. खुद्द लंडनातल्या भागधारकांनीही कुठल्या कंपनीवर इतकी श्रद्धा ठेवली नसेल, असं मास्तरांनी तळटीपेत म्हटलं होतं.

भराव झाला, रूळ आले, दोन डबे आले, स्टेशनमास्तरची टोपी आली. इंजिन मात्र आलं नाही. साहेबाने डब्यांना बैल जुंपले. सकाळी निघालेली गाडी ऊन चढेपर्यंत पुणतांब्याला पोचायची. तिथे मोठी रेल्वे नव्हतीच. ती यायला अजून पाच वर्षं होती. उतारू खाली उतरायचे आणि पुढे जायला बैलगाडी करायचे. बैल बहुधा तेच असायचे.

वेळापत्रक बैलांच्या सवडीने चाले. पोळ्याला त्यांची शिंगं रंगली, झुली चढल्या, स्टेशनमास्तरने टोपी घालून त्यांना पुरणपोळी चारली. मग रब्बीची पेरणी आली. बैल शेतात गेले ते पुन्हा रुळांवर आलेच नाहीत. साहेब इंजिन आणतो म्हणून मुंबईला गेला, तोही आला नाही. रूळ थोडे दिवस पडून राहिले, मग एकेक करून कुठे कुठे गेले. या ‘कुठे कुठे’वर मास्तरांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

राहिलं ते फाटक. गावाच्या वाटेवर, भरावाच्या तोंडाशी, बाभळीचा एक आडवा वासा. फाटकवाल्याला पगार द्यायला कंपनीकडे पैसे नव्हते, म्हणून पंचांनी सुरुवातीलाच त्याला बलुतेदार करून टाकलं होतं : सुताराला, लोहाराला, न्हाव्याला सुगीत धान्य मिळतं, तसं फाटकवाल्यालाही. कंपनी बुडाली तरी बलुतं कसं बुडणार? आणि बलुतं घ्यायचं तर काम दिसायला नको का? म्हणून फाटकवाला फाटक लावत राहिला. गाडी नसल्यामुळे कुणासाठी लावायचं हा प्रश्न उरला, तो गावाने आपल्या पद्धतीने सोडवला. जो पाहुणा येईल-जाईल त्याच्यासाठी लावायचं. साध्या पाहुण्याला तंबाखू मळून होईपर्यंत थांबवायचं, नवरदेवाला पान लावून होईपर्यंत. जितका माणूस मोठा, तितकं फाटक जास्त वेळ बंद. करंजटाकळीत मान मोजायचा तो असा. ज्या नवरदेवाला फाटकाने अडवलं नाही, त्याचं लग्न पुढे बरं चालत नाही, असं बायका अजूनही म्हणत. सध्या फाटक रंगुबाईकडे होतं. तिचा नवरा गेला, सासरा गेला, त्याच्या आधी त्याचा बाप गेला. वासा बदलत राहिला, जागा तीच.

ही सगळी हकीगत लोकांना माहीत होती. छापलेल्या पुस्तकात तिच्यातलं फारसं काही उरलं नव्हतं.

नीलांबरी करंजटाकळीला गेली आणि आसाराम पाटलांना भेटली. पाटील सरपंच होते आणि शताब्दी समितीचे अध्यक्षही. बैठक त्यांच्या माडीवर झाली.

"या ताई, बसा. मास्तर गेले, लई वाईट झालं. असा मानूस पुन्यांदा व्हनार न्हाई. त्यांचं नाव केवढं मोठं छापलंय, बगितलं न्हवं?"

"नाव मोठं आहे. वाक्य बदललंय."

"येक वाक्य तर हाय. बाकी सारं बुक त्यांचंच हाय की."

शामकांत खोकला. "रुळांचं प्रकरणही काढावं लागलं. जागेअभावी."

नीलांबरीने वर पाहिलं. माडीच्या आढ्याला भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन रूळ होते, तेल पाजून काळेशार ठेवलेले. पाटलांनीही वर पाहिलं, मग लगेच खाली.

"च्या घ्या, ताई."

तिने चहा घेतला. पाटलांनी समजूत घालायला घेतली. "आता बगा, दुस्काळ पडलाय. लोकं बांधावर खडी फोडत्यात. आपल्याला नवी रेल्वे मागायची हाय. मंग जुनी झ्याक चालली हुती, असं नको का दाखवाया? पोरगी दाखवताना कुनी सांगतं का, हिची पयली सोयरीक मोडली म्हनून?"

"पण ती चालली नव्हती."

"आमाला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय. सरकारला कशाला?"

मग घासाघीस सुरू झाली. ते वाक्य तळटीपेत टाकू, असं शामकांत म्हणाला. नीलांबरी नाही म्हणाली. परिशिष्टात? नाही. शेवटी त्याने शुद्धिपत्र काढलं.

"म्हणजे माझ्या वडिलांचं वाक्य चुकांच्या यादीत?"

"चूक म्हणून नाही ताई, शुद्ध म्हणून."

"मग अण्णांचं नाव काढा. तुमच्या नावाने छापा."

दोघेही दचकले. पाटील पहिल्यांदाच मनापासून बोलले. "नाव काढून कसं भागंल? आमच्या नावाव कोन ईश्वास ठेवतं?"

पुस्तकं बांधून तयार होती, गठ्ठे कोपऱ्यात रचले होते, आणि हस्तलिखित अण्णांनी आपल्या हाताने दिलेलं होतं. नीलांबरीजवळ त्या ‘बरं’शिवाय काही नव्हतं, आणि त्याचं वजन फक्त तिलाच ठाऊक. समारंभाला येईन, पण व्यासपीठावर बोलणार नाही, एवढं सांगून ती उठली. पाटलांना हे सोयीचंच वाटलं. स्वर्गवासी लेखकाची न बोलणारी मुलगी म्हणजे समारंभाला शोभा.

रेल्वेमंत्र्यांनी बोलावण्याला उत्तर दिलं नव्हतं. राज्यातले एक उपमंत्री मिळाले, पशुसंवर्धन खात्याचे. दिल्लीत त्यांचं वजन आहे असं म्हणत. त्यांचं नाव ठरल्याचं कळलं तेव्हा कित्येक महिन्यांनी नीलांबरीला हसू आलं. गाडी बैल ओढत होते हे पुस्तकातून काढून टाकल्यावर नेमके बैलांचे मंत्री आले. हे ऐकायला अण्णा हवे होते. ऐकून ते हसले नसते, चष्मा पुसत बसले असते.

समारंभाच्या दिवशी नीलांबरी नगरहून रेल्वेने पुणतांब्याला उतरली. शामकांत तिथे उपमंत्र्यांच्या स्वागताला हजर होता. समितीची जीप वाटेत बंद पडली होती, म्हणून त्याने तिलाही साहेबांच्याच गाडीत बसवलं. पुढे ड्रायव्हर, साहेबांचा पी.ए. आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून शामकांत. मागे साहेब आणि नीलांबरी. साहेब भले गृहस्थ होते. मास्तर गेल्याचं ऐकून त्यांनी "अरेरे" म्हटलं आणि काही वेळाने पुन्हा एकदा "अरेरे" म्हटलं.

समितीने कमानी उभारल्या होत्या, हार आणले होते, शाळेच्या पोरींना स्वागतगीत शिकवलं होतं. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना त्या दिवशी मांडवात बसणं हेच काम धरू, असं सांगून आणलं होतं. सगळं ठरलं होतं. फक्त रंगुबाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला कधीच कुणी काही सांगत नसे. जरूरच पडत नसे.

मोटार भरावाजवळ आली आणि बाभळीचा वासा खाली आला.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला. रंगुबाईने नवं लुगडं नेसलं होतं. तिने मोटारीला हात जोडले, दगडावर बैठक मारली आणि चंची सोडली. पान, सुपारी, चुना, कात ओळीने मांडला. शेजारी तीन दगडांची चूल पेटलेली होती आणि तिच्यावर चहाचं भगुणं होतं. आजचा पाहुणा नुसत्या पानावर भागणारा नव्हता.

"गाडी येतेय का?" साहेबांनी विचारलं.

शामकांतच्या मांडीवर पुस्तकाच्या प्रती होत्या, कव्हरवर इंजिन वर करून. "म्हणजे... हो साहेब. तशी ती ऐतिहासिक..."

"पॅसेंजर की मालगाडी?"

"मिश्र," शामकांत म्हणाला. त्याला दुसरा शब्द सापडला नाही.

साहेबांनी काच खाली केली. "बाई, किती वेळ लागेल?"

"तुमाला व्हय? तुमाला लई वेळ!" रंगुबाई कौतुकाने म्हणाली. "येवढा मोठा मानूस आजवर आला न्हवता या वाटंनं. कलेक्टर आलं हुतं, त्यास्नी दोन पानं लावूस्तवर बसवलं. तुमचा मान त्याच्या वर."

साहेबांच्या ध्यानात आलं ते वेगळंच. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे पाहा, माझ्यासाठी गाडी मागे थांबवून ठेवू नका. लोकांचा खोळंबा होतो. आधी जनतेची गाडी जाऊ द्या, मग माझी."

"साहेब, आपण निघू या, मी उघडायला सांगतो," शामकांत घाईने म्हणाला.

"अजिबात नाही. लोकशाही आहे. गाडी गेल्याशिवाय मी हलणार नाही."

आणि ते हलले नाहीत. रंगुबाईने चहा केला, सगळ्यांना दिला, पानं लावली, तीही दिली. मान पुरा झाला म्हणून तिने वासा वर उचलला, तर साहेबांनी हाताने तो खाली करायला लावला. एवढा मान मागून घेणारा पाहुणा रंगुबाईने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा भगुणं ठेवलं. भरावावर तरवड वाढला होता आणि त्यातून एक शेळी येत होती. साहेब तिच्या पलीकडे टक लावून बघत होते. ‘गाडी नाही’ एवढे दोन शब्द नीलांबरीच्या ओठांशी आले. पण मांडीवर पुस्तक घेऊन बसलेला माणूस ती नव्हती. ती गप्प राहिली. गप्प राहण्यातही सुख असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

शेवटी मांडवातल्या पोरी उन्हाने चक्कर येऊन पडायला लागल्या, असा निरोप घेऊन एक माणूस धावत आला, तेव्हा साहेबांनी निरुपायाने मोटार पुढे काढू दिली. जाताना मान हलवून म्हणाले, "फार उशीर आहे गाडीला. फार."

आसाराम पाटलांनी भाषणात नव्या रेल्वेची मागणी केली. प्रगतीचा भक्कम पाया, हजारो उतारू, लाखो मण माल, सगळं म्हणून झालं. साहेब उठले.

"पाटील, तुम्ही मागता ते मी ऐकलं. पण मी स्वतः आत्ता तुमच्या फाटकावर थांबून आलोय." मांडवात टाळ्या पडल्या. साहेबांचा मान किती झाला, हे गावाला आधीच कळलं होतं. "असलेली गाडी वेळेवर येत नाही, हे खरं दुखणं आहे! नवी गाडी मागू नका. मी दिल्लीला कळवतो, की करंजटाकळीला रेल्वे आहे. फक्त तिला शिस्त लावायला हवी!"

पुन्हा टाळ्या. साहेब खाली बसले आणि पी.ए.ला म्हणाले, "लिहून घ्या."

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. रेल्वे आहे अशी एकदा सरकारी कागदावर नोंद झाली की पुढच्या शंभर वर्षांत ती मिळायची नाही, एवढं त्यांना सरपंचकीने शिकवलं होतं. ते खुर्च्यांमधून वाट काढत नीलांबरीपाशी आले. मागून शामकांत.

"ताई, त्ये मास्तरांचं वाक्य."

"कुठलं?"

"त्येच वो. रेल्वे न्हवती म्हनून लिवलेलं. तुमी उठा अन् माईकवर वाचा. आमी सांगितलं तर त्यास्नी खोटं वाटंल. मास्तरांचं वाटायचं न्हाई."

"ते पुस्तकात नाही, पाटील."

"नसू द्या की! तुमाला तोंडपाठ आसंल."

"पुस्तकात नसलेलं अण्णांच्या नावाने मी कसं वाचू?"

पाटलांनी शामकांतकडे पाहिलं. शामकांतने व्यासपीठाकडे पाहिलं; पी.ए. लिहीत होता.

"चिठ्ठ्या छापू," शामकांत कुजबुजला. "पहिल्या पानावर चिकटवू. आधीच्या वाक्यावरच."

"हे माईकवर सांगा."

पाटलांनी सांगितलं. अध्यक्ष या नात्याने त्यांनी जाहीर केलं, की छापखान्याच्या नजरचुकीने मास्तरांचं पहिलं वाक्य पडलं असून ते प्रत्येक प्रतीत घातलं जाईल. छापखान्याने हे ऐकलं नाही, हे बरं.

मग नीलांबरी उठली. बोलणार नाही असं ती म्हणाली होती, पण हे बोलणं तिचं नव्हतं. माईक तिच्या उंचीला फार वर होता, कुणीतरी तो खाली केला. तिने वाक्य म्हटलं. स्वल्पविरामाला अण्णा थांबत तेवढीच थांबली. ‘...की ती रेल्वे नव्हती.’ मागून एक म्हातारा म्हणाला, "न्हवतीच की," आणि खडी फोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

साहेबांना सगळं समजावून सांगायला पाटलांना घाम फुटला. समजल्यावर साहेब रागावले नाहीत. थोडा वेळ विचार करून ते पुन्हा माईकपाशी आले.

"रेल्वे नाही," ते म्हणाले, "तरी फाटक चालू आहे. बंधुभगिनींनो, याला म्हणतात लोकसहभाग!" आणि आपल्या अधिकारात त्यांनी करंजटाकळीला नवं लोखंडी फाटक जाहीर केलं.

श्रावणात चिठ्ठ्या छापून आल्या. नीलांबरी त्या चिकटवायला स्वतः गेली. पाटलांच्या माडीवर, रुळांखाली बसून, खळीच्या वाटीत बोट बुडवून तिने आणि शामकांतने एकेक पान झाकलं. अधूनमधून शामकांत म्हणे, "तसं माझंही वाक्य वाईट नव्हतं." ओली चिठ्ठी उजेडाला धरली की खालचा भक्कम पाया पुसट दिसायचा. मग खळ वाळायची आणि दिसेनासा व्हायचा. गठ्ठा संपला तेव्हा तिने एक प्रत स्वतःसाठी ठेवली, पदराला बोटं पुसली आणि एस.टी. गाठली.

गाडी भरावाशी आली आणि वासा खाली आला. लोखंडी फाटक अजून यायचं होतं.

"रंगुबाई," कंडक्टर ओरडला, "पाहुणा कोण हाय आत? सगळी गावातलीच तर हायती!"

"मास्तर हायती."

"अगं, मास्तर जाऊन आठ म्हैनं झालं."

"त्येच तर. नगरला गेले, तिथंच जाळलं. जाताना फाटकावरनं गेले न्हाईत त्ये. मान ऱ्हायला की न्हाई?"

तिने चंची सोडली. पानाच्या शिरा काढल्या, चुना लावला, कात घातला, सुपारी कातरली. पान झाल्यावर ते बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. मग तिसरं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कुणीतरी वैतागून काही म्हणालं, त्याला शेजारच्या बाईने गप्प केलं. नीलांबरी खिडकीशी बसली होती, पुस्तक मांडीवर, कव्हर खाली करून. कुठे बघावं हे न कळून ती भरावाकडे बघू लागली, पुणतांब्याच्या दिशेने, जिकडून गाडी यायची तिकडे.